नाझरसाहेबांची पेशी

शेषराव भारसाकळ्यांना कुणी काही विचारलं, की ते क्षणभर डोळे मिटायचे, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवायचे आणि म्हणायचे, "गुरुवारची पेशी ठेवू."

कोर्टात खटल्याची पुढची तारीख पडते, तिला आमच्या वऱ्हाडात पेशी म्हणतात. शेषरावांच्या तोंडात तो शब्द पानासारखा कायम असे. सोनाळ्याच्या शेतकऱ्याचा हा मुलगा मॅट्रिक होऊन कोर्टात कारकुनीला लागला आणि मलकापूरच्या कोर्टातून नाझर म्हणून निवृत्त झाला. नाझर म्हणजे बेलिफांचा, पट्टेवाल्यांचा, समन्स आणि जप्तीच्या साऱ्या धावपळीचा मुकादम. न्यायाधीश येत आणि बदलून जात. नाझर तिथेच असे. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या न्यायाधीशांकडून शेषराव एक गोष्ट शिकले होते. भांडण आज सुटत नसेल तर त्याला पेशी द्यावी. माणसं तणतणत येतात, पेशी घेऊन जातात. पुढच्या खेपेला येतात तेव्हा निम्मा राग वाटेत कुठेतरी सांडलेला असतो.

निवृत्त झाल्यावर हा न्याय त्यांनी घरी आणला.

"भाजी काय करू आज?" त्यांच्या पत्नी रुक्मिणीबाई विचारायच्या.

"पाहू. संध्याकाळी सांगतो."

"सकाळच्या भाजीची संध्याकाळी पेशी? मंग आता काय, जजसाहेबाचा हुकूम वाढू ताटात?"

असे काही महिने गेले. शेषरावांना घर पुरेना आणि रुक्मिणीबाईंना शेषराव आवरेनात. तेवढ्यात अर्जुनराव वकिलांनी त्यांना बोलावून घेतलं.

त्या काळात वकिलांची मोठी पंचाईत झाली होती. आधी मध्यप्रांत, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. मलकापूर जागचं हललं नाही, पण त्याच्या डोक्यावरचे कायदे मात्र पुन्हा पुन्हा बदलले. म्हाताऱ्या वकिलांना जी कलमं झोपेत पाठ होती ती आता कुठल्याच पुस्तकात नव्हती. कूळकायदा नवा, जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा नवा, जिल्हा परिषद नवी. त्यातून कारभार मराठीत होणार अशी हवा. एका वकिलाने भर कोर्टात रद्द झालेल्या कायद्यावर तासभर भाषण केलं आणि न्यायाधीशांनी ते शांतपणे ऐकून घेऊन शेवटी सांगितलं, की भाषण उत्तम झालं, पण कायदा वारला आहे. ते वकील म्हणजे खुद्द अर्जुनराव. त्या संध्याकाळी त्यांनी बाररूममध्ये जाहीर केलं, की आपण सगळ्यांनी पुन्हा शाळेत जायचं.

असं कायदा अभ्यास मंडळ निघालं. कापूस बाजारात एका अडतीच्या दुकानावरचा मजला मिळाला. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी वर्ग. पांढऱ्या केसांचे वकील, अर्जनवीस, गावोगावचे दोन-चार सरपंच बाकांवर दाटीने बसत. शिकवायला कुणी अकोल्याहून, कुणी नागपूरहून गाडीने येई. बाक प्राथमिक शाळेतून आणलेले होते, त्यामुळे मोठमोठ्या खटल्यांत गाजलेली माणसं गुडघे हनुवटीला लावून टिपणं घेताना दिसत. मागच्या बाकावरचे पुढच्यांच्या काळ्या कोटाला खडू लावत. माणूस पुन्हा बाकावर बसला की त्याचं वय कुठे जातं कोण जाणे.

या मंडळाचे अध्यक्ष अर्जुनराव झाले आणि व्यवस्थापक शेषराव. हाताखाली तीन माणसं. रामराव कारकून, गीताबाई टायपिस्ट आणि झाडलोट, चहापाणी, पोस्ट सांभाळणाऱ्या तानाबाई.

रामराव कामाला चोख, पण स्वभाव दिवाळीच्या लवंगीसारखा. महिन्यातून एकदा ते राजीनामा देत.

"साहेब, हा घ्या. त्या तानाबाईने माझ्या टेबलावर पुन्हा कपबशा ठेवल्या. एक तर ती राह्यल, नाहीतर मी."

शेषराव कागद घेत. "गंभीर प्रकरण आहे. गुरुवारची पेशी. तानाबाई, तुमचं म्हणणं?"

"मायं म्हननं काय? चहा प्याची वेळ झाली का हेच पयले टेबलाकडे पाह्यतात."

"ते गुरुवारी मांडा."

गुरुवारी रामराव कामात असत. राजीनाम्याचं काय करायचं असं शेषरावांनी विचारलं, की ते चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "कोणता?" कागद परत जाई. तो दरवेळचा तोच कागद होता असं तानाबाईंचं मत. घडीवर चहाचा जुना डाग होता म्हणे.

बाहेरून आलेल्या शिक्षकांची मर्जीही शेषराव अशीच राखायचे. पुण्याचे एक प्राध्यापक आले होते. वर्गाच्या वेळेवरून ते रुसले आणि आत्ताच्या आत्ता मला अध्यक्षांशी बोलायचं आहे म्हणाले. शेषराव नम्रपणे म्हणाले, "त्यासाठी उद्याची पेशी ठेवली आहे, सर." प्राध्यापक बुचकळ्यात पडले. "पेशी? शरीरातली पेशी?" रामराव मागून म्हणाले, "हाव. तीच. वाढतच जाते." सगळा वर्ग हसला, प्राध्यापकही हसले, आणि अध्यक्षांशी बोलायचं राहूनच गेलं.

मंडळ चालत होतं ते अशा रीतीने. कुणी सोडून गेलं नाही. कुणाचं भांडण मुक्कामाला राहिलं नाही. शेषरावांना वाटे, माणसं सांभाळण्याची कळ आपल्याला सापडली आहे.

आता गीताबाईंविषयी सांगायला हवं, कारण गोष्ट त्यांचीच आहे.

गीताबाई खोडके वरवट बकालच्या. वडील महादेवराव मळ्यात भाजी पिकवत. मुलीने अकोल्याला राहून मराठी टायपिंग शिकून घेतलं, तेव्हा गावात चर्चा झाली की ही आता मशीनशी लग्न करणार. मलकापूरला त्या मावशीकडे राहत. मंडळाचं मराठी टाइपरायटर जुनं होतं, त्यातला 'ळ' वर उडायचा. गीताबाईंनी त्याला वळण लावलं. शनिवारी शिकवलेलं रविवारी सकाळी सायक्लोस्टाइल करून प्रत्येकाच्या हातात पडे. थंडीत बाजारात कापसाच्या गाड्या लागत, खिडकीतून कापसाचे तंतू तरंगत येत आणि शाईच्या रोलरला चिकटत. मग छापलेल्या कलमांना मिशा फुटत. गीताबाई ओल्या फडक्याने रोलर पुसत, पुन्हा हँडल मारत, आणि काम करताना ओठ मिटून कसलंतरी गाणं गुणगुणत. चाल कुणालाच ओळखू येत नसे. पण ते गुणगुणणं थांबलं की शेषराव कागदातून डोकं वर काढत.

गीताबाई सुरुवातीपासून हंगामी होत्या. रामराव कायम, तानाबाईसुद्धा कायम. टायपिस्टची जागा मात्र मंडळ उघडताना घाईत भरली होती आणि तशीच राहिली. महादेवरावांनी मुलीला एकदाच सांगितलं होतं, "कायम झाली तर खुशाल राह्य मलकापुरात. मी कोनाले बोलू देनार नाही. पन हंगामी नोकरी म्हंजे जत्रेतलं दुकान. ते उठलं का तुले घरी यावं लागन, अन् मंग मी म्हनन त्या घरी जावं लागन."

म्हणून गीताबाईंनी शेषरावांना विचारलं.

"पोळा होऊ द्या," शेषराव म्हणाले.

पोळा झाला. "दसऱ्यानंतरची पेशी ठेवू."

दसऱ्यानंतर दिवाळी आली. दिवाळीनंतर वार्षिक शिबिर. प्रत्येक वेळी शेषराव इतक्या आपुलकीने पेशी देत, की घेणाऱ्याला आपण काहीतरी घेऊन चाललो असंच वाटावं. गीताबाई मान हलवत आणि मशीनकडे परत जात. रामरावांच्या राजीनाम्यासारखं हेही आपोआप विरेल असं शेषरावांनी धरलं होतं का? नाही. त्यांना आतून वेगळंच वाटत होतं. अर्जुनराव आणखी एका कायम जागेला नाही म्हणतील, ही भीती. विचारलं आणि नकार आला तर गीताबाई जातील. विचारलंच नाही तर निदान काही बिघडलेलं नाही. पेशी दिली की ओंजळीतलं पाणी ओंजळीत राहतं, असं त्यांना वाटत होतं.

पौषातल्या एका गुरुवारी गीताबाई शेषरावांच्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. गुणगुणणं सकाळपासूनच बंद होतं.

"साहेब, बुलडाण्याच्या कचेरीतून मले कायम नेमणूक आली. मराठी टायपिस्ट पाह्यजे म्हणून मागं अर्ज केला होता. महिनाअखेर हजर व्हा म्हणतात."

शेषरावांनी डोळे मिटले.

"मले जायाचं नाही," गीताबाई म्हणाल्या. "इथलं काम मले आवडते. पण तुम्ही कायम करत असान तर सांगा, नाही तर तसं सांगा. दोन्हीपैकी एक सांगा."

अंगठा पेरांवरून फिरला. "सोमवारची पेशी ठेवू, गीताबाई."

गीताबाई मशीनकडे परत गेल्या. तानाबाईंनी मात्र हातातली किटली टेबलावर जोरात आपटली. रामरावांच्या टेबलावर, आणि त्या दिवशी रामरावांनी राजीनामा दिला नाही.

सोमवारी सकाळी न्याहारी करून शेषराव पुन्हा अंथरुणात शिरले ते उठलेच नाहीत.

"अंगात कणकण आहे," ते गोधडीतून म्हणाले.

रुक्मिणीबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. "थंडगार आहे. अन् सकाळी ठेचा-भाकर खाल्ली ते? तापात ठेचा कोन खाते?"

"आतला ताप आहे."

"आतली पेशी म्हना."

शेषरावांनी गोधडी डोक्यावरून ओढून घेतली.

इकडे मंडळात दुपारपर्यंत सगळे जिन्याकडे कान लावून होते. शेवटी रामराव उठले, शेषरावांच्या खुर्चीत जाऊन बसले आणि खाकरून म्हणाले, "तानाबाई, पुकारा करा."

तानाबाईंना सांगायचीच खोटी होती. जिन्याच्या तोंडाशी उभ्या राहून त्यांनी कमरेवर हात ठेवले. "शेषराव भारसाकळे, हाऽऽजिर हो!"

खाली अडतीत कापसाची गाठोडी उचलणारे हमाल वर बघू लागले.

"शेषराव भारसाकळे, हाऽऽजिर हो!"

"नाही आले जी!" खालून एक हमाल ओरडला. "आमी इथंच उभे आहो सकाळपासून!"

तिसरा पुकारा झाला. रामरावांनी पट्टी टेबलावर आपटली. "प्रतिवादी गैरहजर. कारण दाखवलेलं नाही. प्रकरण एकतर्फी चालवण्यात येत आहे. गीताबाई, तुमचं म्हणणं काय?"

गीताबाई हसत होत्या. हसता हसता त्यांनी मशीनवर कागद चढवला, आणि हसू तिथेच थांबलं. बुलडाण्याला हजर होते, असं लिहिलेलं पत्र त्यांनी टाइप केलं, सही केली, पाकिटात घातलं आणि तानाबाईंच्या हातात दिलं.

"पोष्टात टाकून ये."

"आज?"

"आजच."

रामराव खुर्चीतून उठले. थट्टेत सुरू झालेलं कोर्ट एवढ्या लवकर खरं होईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मंगळवारी शेषराव आले. डोक्याला मफलर होता, म्हणजे आजार कायम असल्याची खूण. गीताबाई त्या वेळी स्टेशनवर गेल्या होत्या, नागपूरहून आलेलं पुस्तकांचं पार्सल सोडवायला. मशीनवर झाकण होतं.

"काय झालं काल?" शेषरावांनी विचारलं.

"निकाल लागला," रामराव म्हणाले. "एकतर्फी. तीन पुकारे झाले, तुमी नाही आले. बाईनं बुलडाण्याले पत्र धाडलं."

शेषराव खाली बसले. मफलर हळूहळू सोडला, घडी घातली, पुन्हा उलगडला.

"धाडलं?"

"हाव. तानाबाई टाकून आली पोष्टात."

"मले सांगायचं तरी."

"कसं सांगनार? तुमचा ताप आतला होता. बाहेरून दिसला नाही आमाले."

शेषराव काही क्षण त्या झाकलेल्या मशीनकडे पाहत राहिले. मग मफलर तिथेच टाकून जिना उतरले आणि सरळ कोर्टाच्या बाररूममध्ये गेले. अर्जुनराव तिथे चार वकिलांबरोबर चहा पीत बसले होते.

"साहेब, टायपिस्टची जागा कायम करायची आहे."

"बरं," अर्जुनराव म्हणाले. "पुढच्या महिन्यात कार्यकारिणी आहे. तेव्हाची पेशी ठेवू."

शेषरावांच्या अंगावर काटा आला. आपलाच शब्द दुसऱ्याच्या तोंडून असा ऐकू येतो तर! किती मऊ होता तो. किती सभ्य. आणि त्याला धरायला कुठेच कडा नव्हती.

"पेशी नको, साहेब. आज निकाल द्या. विरुद्ध गेला तरी चालेल."

चमचे थांबले. एका वकिलाने चष्मा काढून शेषरावांना नीट पाहून घेतलं. नाझर पेशी नको म्हणतो, हे मलकापूरच्या कोर्टाच्या आवारात त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं.

"एवढं काय झालं?" अर्जुनरावांनी विचारलं. शेषरावांनी सांगितलं. पोळा सांगितला, दसरा सांगितला, दिवाळी सांगितली. सोमवारचा ठेचासुद्धा सांगितला.

अर्जुनराव खो खो हसले. मग हसणं ओसरल्यावर म्हणाले, "पण शेषराव, तुम्ही मला यातलं आजवर काही विचारलं का नाही?"

"तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं."

"मी काय म्हणेन हे मला न विचारता? अहो, कार्यकारिणीचे आम्ही सात, त्यातले पाच इथं चहा पितो आहोत. जागा कायम करायला कुणाची हरकत आहे?" चार माना नाही म्हणून हलल्या. "ही घ्या कार्यकारिणी. तुम्ही त्या बाईला पोळ्यापासून पेशी देत राहिलात, नाझरसाहेब, आणि केस तर दाखलच केली नव्हती!"

बाररूममध्ये पुन्हा हशा झाला. शेषरावही हसले, पण ते वाक्य त्यांना बाहेर पडेपर्यंत आणि नंतर बाजारातून चालतानाही टोचत राहिलं. केस दाखलच नव्हती. कोर्टाच्या व्हरांड्यात त्यांनी आयुष्यभर माणसं बसलेली पाहिली होती. भाकरीचं फडकं मांडीवर घेतलेली, दुपारपर्यंत पुकाऱ्याची वाट बघणारी. निदान आत आपला कागद आहे एवढं तरी त्या माणसांना ठाऊक असायचं.

अर्जुनरावांनी तिथेच सही केलेला नेमणुकीचा हुकूम हातात घेऊन ते जिना चढले. गीताबाई आल्या होत्या, पार्सल फोडत होत्या. शेषरावांनी हुकूम त्यांच्यासमोर ठेवला.

"कायम," ते म्हणाले. "उशीर झाला, ते मले समजते. पत्र गेलं आहे. तरी हे तुमचं आहे, म्हणून देतो. अन् काल मले ताप नव्हता. भ्यालो होतो."

गीताबाई हुकूम वाचत राहिल्या. तेवढ्यात चहाच्या कोपऱ्यातून तानाबाई चहापत्तीचा डबा घेऊन पुढे आल्या. झाकण उघडून त्यांनी आत हात घातला आणि एक पाकीट बाहेर काढलं. त्यावरची चहापत्ती झटकून टेबलावर ठेवलं.

"हे काय?" गीताबाई ओरडल्या. "तू टाकलं नाही?"

"नाही."

"काऊन नाही टाकलं?"

"पेशी देली त्याले. बुधवारची."

रामराव खुर्चीतच पुढे वाकले. शेषरावांनी डोळे मिटले, पण या वेळी अंगठा हलला नाही.

"माझ्या पत्राले तू पेशी देणार? तू कोण?" गीताबाईंचा आवाज चढला होता.

"मी तानाबाई. इथं समदे जन समद्याईले पेशी देतात, मी एक देली तर काय आभाय कोसयलं? नाझरसाहेबाच्या हाताखाली शिकली मी. बुधवारी बी काई झालं नसतं तर टाकलं असतं. खोटं वाटते त डब्याले इचारा."

गीताबाईंना राग धरून ठेवायचा होता, पण पाकिटातून चहाचा वास येत होता. त्यांनी पाकीट उचललं. एका हातात ते, दुसऱ्या हातात हुकूम. खाली बाजारात कुणीतरी कापसाच्या भावावरून हुज्जत घालत होतं.

"गीताबाई," शेषराव म्हणाले, "दोन्ही कागद तुमच्या हातात आहेत. मी काही म्हणत नाही. तुम्ही सांगा."

गीताबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला.

"सोमवारी सांगते," त्या म्हणाल्या.

तो आठवडा शेषरावांनी कसा काढला हे रुक्मिणीबाईंना विचारावं. ताटात पडेल ती भाजी ते गुपचूप खात. बुधवारी त्यांनी स्वतः चहा केला आणि तो कुणालाच पिववला नाही. गुरुवारी गीताबाईंनी रामरावांकडे नव्या स्टेन्सिलची डबी मागितली, तेव्हा शेषराव रामरावांना बाजूला घेऊन म्हणाले, "नवी डबी मागितली. जायचं असतं तर कशाला मागितली असती?" शुक्रवारी गीताबाईंनी टेबलाचा खण रिकामा करून झाडला, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. पक्षकार असेच न्यायाधीशाचा चेहरा वाचतात, हे त्यांना ठाऊक होतं. आज साहेब चष्मा पुसत होते, म्हणजे आपल्या बाजूने. आज साहेब खोकले, म्हणजे गेलं. अशा माणसांना ते पूर्वी हसत असत.

शनिवारी वर्ग भरला. पुराव्याच्या कायद्यावर बोलायला अकोल्याचे वकील आले होते. मौन म्हणजे संमती समजावी काय, असा प्रश्न वर्गात निघाला आणि शेषराव मागच्या भिंतीशी उभे राहून इतकं कान देऊन ऐकू लागले, की बोलणाऱ्या वकिलांना वाटलं, यांना काहीतरी विचारायचं आहे.

"तुमचा काही प्रश्न, नाझरसाहेब?"

"आहे. पण सोमवारपर्यंत थांबतो."

रामराव इतके हसले, की पाणी प्यायला बाहेर गेले. गीताबाई खाली मान घालून लिहून घेत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

रविवारी वर्ग आटोपल्यावर शेषराव घरी गेले नाहीत. फिरत फिरत कोर्टाच्या आवारात गेले. सुट्टीचं कोर्ट अगदी रिकामं होतं. दारांना कुलपं, व्हरांड्यात ऊन. पक्षकारांचं लाकडी बाक भिंतीशी होतं, बसून बसून मधोमध गुळगुळीत झालेलं. इतकी वर्षं ते या बाकासमोरून गेले होते. बसले कधीच नव्हते. आज बसले. इथून आत काय चाललंय ते काहीच दिसत नाही, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. फक्त दार दिसतं. माणूस दाराकडे बघत राहतो, आणि दार त्याच्याकडे बघत नाही.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी मंडळात येऊन बसले. मफलर नव्हता. रामराव आले, त्यांनी टेबल पुसलं. तानाबाई आल्या, त्यांनी केर काढला आणि कुणी न सांगता जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या. खालचे हमालही आज कामाला हात न लावता वर बघत होते.

गीताबाई जिना चढून आल्या. पिशवी खुंटीला लावली. मशीनवरचं झाकण काढून बाजूला ठेवलं, कागद चढवला. आणि मग काही बोलण्याऐवजी गुणगुणू लागल्या.

शेषराव खुर्चीतून अर्धे उठले. "म्हणजे?"

"म्हणजे काय? राह्यले मी."

"अन् बुलडाण्याचं?"

"नाही येत म्हणून त्याईले लिहून टाकलं. माझ्या हातानं पोष्टात टाकलं, तानाबाईच्या नाही. बाबालेही कळवलं."

"कधी टाकलं?"

"शनिवारी. वर्गाच्या आधी."

शेषरावांच्या डोळ्यांसमोरून तो शनिवार गेला, तो रविवार गेला, ते उन्हातलं बाक गेलं. "शनिवारी? अवो, मंग शनिवारीच काऊन नाही सांगतलं मले?"

गीताबाईंनी मशीनवरचे हात थांबवले आणि शांतपणे त्यांच्याकडे पाहिलं.

"पेशी सोमवारची होती, साहेब."

जिन्याच्या तोंडाशी तानाबाईंनी खाली वाकून हमालांना निकाल सांगितला. वर ऐकू आला तो फक्त हशा.